मंदावत्या ताऱ्यांचे दप्तर

२०१२ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात नरतुरंग तारकासमूहातल्या एका जोडताऱ्याची क्ष-किरणांतली चमक एकदम उतरली आणि पूर्वीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली. या जोडताऱ्याला नाव नाही, आकाशातल्या स्थानावरून पडलेला क्रमांक आहे : एक्सएसएस जे १२२७०-४८५९. जळगाव-धुळ्याहून पाहिले तर आकाशाचा तो भाग एप्रिल-मेच्या रात्री दक्षिण क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो. हा जोडतारा नुसत्या डोळ्यांनी कधीच दिसत नव्हता, तेव्हा तो मंदावला काय आणि राहिला काय, कुणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. तरी ते आले, कारण आधीच्या वर्षांच्या नोंदी जागच्या जागी होत्या.

पुढचा धागा महाराष्ट्रात उलगडला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही मांडणी सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरली आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे जयंत रॉय आणि त्यांचे सहकारी यांनी ती या मंदावलेल्या जोडताऱ्यावर रोखली, तेव्हा दर १.६९ मिलिसेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद हाती लागले. त्यांचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सेकंदाला सुमारे ५९० गिरक्या घेणारा एक न्यूट्रॉन तारा तिथे होता. जोडीदाराकडून ओढलेल्या वायूची तबकडी त्याच्याभोवती होती तोवर क्ष-किरण जोरात होते आणि रेडिओ स्पंदांचा पत्ता नव्हता. तबकडी नाहीशी झाली, क्ष-किरण आटले आणि स्पंद उघडे पडले. तारा उजळ होता तेव्हा त्याने जे दडवले होते ते मंदावल्यावर सांगितले.

हे पुस्तक अशाच ताऱ्यांविषयी आहे. क्ष-किरणांत अंधुक असलेले आणि अधिकाधिक अंधुक होत जाणारे न्यूट्रॉन तारे हा त्याचा विषय. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणारा विद्यार्थी समोर ठेवून ते लिहिले आहे. पण बारावीपर्यंतचे विज्ञान आठवत असेल अशा कुणालाही ते वाचता यावे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपत आले की त्याच्या पोटात लोखंडाचा गाभा साचतो. हा गाभा एका मर्यादेपलीकडे गेला की स्वतःच्या भाराखाली कोसळतो. ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे आणि ती ज्या सिद्धान्तातून निघाली तो सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा. कोसळलेल्या गाभ्यातून उरतो तो न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याएवढे किंवा त्याहून जास्त आणि व्यास सुमारे २४ किलोमीटर, म्हणजे जळगाव ते भुसावळ रेल्वेने जेवढे अंतर तेवढा. त्याच्या एका घन सेंटिमीटर द्रव्याचे वजन कोट्यवधी टनांत मोजावे लागते. पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत असे द्रव्य घडवून टिकवता येत नाही. त्याचे गुणधर्म समजून घ्यायचे असतील तर ताऱ्याकडेच पाहावे लागते, आणि तारा तर पूर्ण झाकलेला. दिसतो तो वरचा पापुद्रा. आतले बरेच काही कळते ते त्या पापुद्र्याच्या तापमानावरून.

इथे क्ष-किरणांचा संबंध येतो. जन्मानंतर न्यूट्रॉन तारा झपाट्याने निवतो, तरी शेकडो वर्षांनंतरही त्याचा पृष्ठभाग १० ते २० लाख अंशांवर असतो. इतक्या तापलेल्या वस्तूचा उजेड मुख्यतः मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांत पडतो. दृश्य प्रकाशात ती जवळपास दिसतच नाही, कारण आकार फार लहान. हे किरण आपल्या वातावरणात शोषले जातात, म्हणून हे शास्त्र अग्निबाणांची वाट पाहत राहिले. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी सोडलेल्या अग्निबाणाने अवघ्या काही मिनिटांच्या उड्डाणात वृश्चिक तारकासमूहातला एक प्रखर क्ष-किरण स्रोत टिपला. तो न्यूट्रॉन तारा असल्याचे पुढे कळले. जियाकोनींना २००२ चे नोबेल मिळाले. अंधुक तारे मात्र त्या पिढीच्या उपकरणांच्या आवाक्याबाहेर होते. ती कोंडी १९९९ मध्ये फुटली. २३ जुलैला नासाची चंद्रा वेधशाळा अवकाशात गेली, तिचे नाव चंद्रशेखरांवरून ठेवलेले; १० डिसेंबरला युरोपची एक्सएमएम-न्यूटन. दोन्ही वेधशाळांनी पाव शतक एकाच ताऱ्याकडे पुनःपुन्हा पाहण्याची सोय करून दिली, आणि मंदावणे मोजता येऊ लागले.

न्यूट्रॉन तारे दोन वाटांनी मंदावतात, आणि पुस्तकाचे दोन मोठे भाग त्यावरूनच पडले आहेत.

पहिली वाट एकट्या ताऱ्याची. त्याला जन्मतः मिळालेली उष्णता हीच त्याची सगळी पुंजी. पहिली सुमारे लाखभर वर्षे ती मुख्यतः न्यूट्रिनो या कणांवाटे थेट गाभ्यातून निसटते, त्यानंतर पृष्ठभागावरच्या किरणांवाटे. निवण्याचा वेग गाभ्यात कोणते द्रव्य कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरतो. शर्मिष्ठा तारकासमूहातला कॅसिओपिया-ए हा तारकास्फोटाचा अवशेष सुमारे ११ हजार प्रकाशवर्षांवर आहे. त्या स्फोटाचा उजेड पृथ्वीवर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचला असावा. चंद्राने १९९९ मध्ये घेतलेल्या पहिल्यावहिल्या चित्रातच या अवशेषाच्या मध्याशी एक ठिपका उमटला. तो न्यूट्रॉन तारा. क्रेग हाइन्के आणि विन हो यांनी २००० ते २००९ मधली जुनी निरीक्षणे पुन्हा उघडली. त्यांतली बरीचशी भोवतालच्या अवशेषासाठी घेतलेली होती, ताऱ्यासाठी नव्हे. त्यांना तापमान दहा वर्षांत सुमारे ४ टक्क्यांनी उतरलेले दिसले.

४ टक्के हा आकडा किरकोळ वाटेल. पण तापलेल्या वस्तूचा एकूण उजेड तापमानाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. ०.९६ चा चौथा घात करून पाहा : सुमारे ०.८५ येतो. म्हणजे ताऱ्याचा एकूण उजेड १५ टक्क्यांनी घटायला हवा. सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षे वयाच्या ताऱ्याने एका दशकात एवढे निवणे साध्या हिशेबात बसत नव्हते. २०११ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकच स्पष्टीकरण पुढे केले. ताऱ्याच्या गाभ्यातले न्यूट्रॉन नुकतेच जोड्या बांधून अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहणारे, होऊ लागले आहेत, आणि या संक्रमणात न्यूट्रिनोंचा लोंढा बाहेर पडून उष्णता वेगाने जाते आहे. हे खरे असेल तर माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात एका ताऱ्याच्या गाभ्याची अवस्था पालटताना आपण पाहतो आहोत.

खरे असेल तर. कारण याच्यावर एक आक्षेप आला, आणि तो या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. चंद्राच्या कॅमेऱ्यापुढच्या गाळणीवर वर्षानुवर्षे कर्बयुक्त पदार्थांचा थर चढत आला आहे. तो नेमके कमी ऊर्जेचे क्ष-किरण खातो, म्हणजे निवणाऱ्या ताऱ्याचा जो उजेड आपल्याला हवा तोच. मग मंदावला तो तारा की दुर्बिणीची नजर? बेटिना पोसेल्ट आणि जॉर्ज पावलोव्ह यांनी कॅमेऱ्याच्या दुसऱ्या मांडणीतली निरीक्षणे घेऊन हिशेब केला, तेव्हा घसरण ठामपणे दिसली नाही. थराची मोजणी सुधारत गेली तसा निवण्याचा वेगही पहिल्या आकड्यापेक्षा खाली आला. वाद अजून पुरता मिटलेला नाही. या प्रकरणात आम्ही निकाल दिलेला नाही. दोन्ही बाजूंचे हिशेब शेजारी मांडले आहेत. विद्यार्थ्याला यातून एवढे जरी उमगले, की उपकरणाचे वय मोजल्याशिवाय ताऱ्याचे वय मोजता येत नाही, तरी पुस्तकाचे निम्मे काम झाले.

दुसरी वाट जोडीतल्या ताऱ्याची. शेजारी साधा, हलका तारा असतो आणि त्याचा वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर पडत राहतो. पडण्याचा ओघ वाढला की जोडतारा क्ष-किरणांत भडकतो. काही आठवडे, कधी काही वर्षे. या काळात नव्या द्रव्याच्या भाराने जुने कवच खाली दाबले जाते आणि त्याच्या खोल थरांत अणुकेंद्रीय प्रक्रिया होतात. दर न्यूक्लिऑनमागे १ ते २ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढी उष्णता तिथे सुटते. हेन्सेल आणि झ्दुनिक यांनी १९९० मध्ये हा हिशेब मांडला, आणि १९९८ मध्ये ब्राउन, बिल्डस्टेन आणि रटलेज यांनी तो शांत काळातल्या अंधुक उजेडाशी जोडला. ओघ थांबला की कवच गाभ्यापेक्षा गरम राहते आणि सावकाश त्याच्या पातळीवर येते. खानदेशातल्या कुठल्याही घरात हे कळेल. मांड्यांसाठी तापवलेले खापर चुलीवरून उतरवल्यावर किती वेळात निवते ते पाहून, न फोडताही, त्याची जाडी आणि माती कशी आहे याचा अंदाज बांधता येतो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचाविषयी आपल्याला जे कळले ते नेमके याच रीतीने.

पहिली परीक्षा केएस १७३१-२६० या जोडताऱ्याची झाली. तो १९८९ मध्ये सापडला, दशकाहून अधिक काळ तेजस्वी राहिला आणि २००१ च्या सुरुवातीला विझला. त्याच वर्षी मार्चमध्ये चंद्राने त्याच्याकडे पाहिले, आणि पुढे अनेक वर्षे अधूनमधून पाहत राहिली. दुसरा एमएक्सबी १६५९-२९. तो १९९९ ते २००१ अशी अडीच वर्षे पेटलेला होता. कवचात नाना मूलद्रव्यांची सरमिसळ असल्याने ते उष्णतेचे कुवाहक असेल आणि निवायला फार काळ घेईल, असे तोवर पुष्कळांना वाटत होते. प्रत्यक्षात दोघेही काही वर्षांत बरेचसे निवले. त्याचा अर्थ असा, की कवचातल्या अणुकेंद्रांची रचना स्फटिकासारखी शिस्तीत आहे आणि त्यातून उष्णता झरझर वाहते.

याच मोजमापांतून एक कोडेही निघाले. ओघ थांबल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत यांतले अनेक तारे सिद्धान्ताने सांगितले त्याहून गरम निघतात. कवचाच्या वरच्या, उथळ थरात उष्णतेचा आणखी एखादा उगम असला पाहिजे. पण तो कोणता, हे कुणालाच सांगता आलेले नाही. मॅक्सी जे ०५५६-३३२ या ताऱ्यात ही उथळ उष्णता फारच मोठी निघाली. ईएक्सओ ०७४८-६७६ हा १९८५ मध्ये सापडलेला जोडतारा जवळपास २४ वर्षे तेवत राहून २००८ मध्ये शांत झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा भडकला. एमएक्सबी १६५९-२९ देखील २०१५ ते २०१७ मध्ये परत पेटून विझला. तोच तारा, तेच कवच आणि दुसऱ्यांदा निवणे : सिद्धान्ताची याहून चोख फेरतपासणी मिळणे कठीण.

हे सगळे किती थोड्या उजेडावर उभे आहे ते सांगायला हवे. विझलेल्या ताऱ्यावर चंद्रा दहा-वीस तास रोखून धरली तरी हाती येणारे फोटॉन काही डझन ते काही शेकडा एवढेच असतात. एकेका फोटॉनची वेळ, जागा आणि ऊर्जा नोंदवली जाते. १०० फोटॉन मिळाले तर त्यातली अनिश्चितता १०० च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १० : दहा टक्के. अशा एका नोंदीवरून १५ टक्क्यांची घट ठामपणे सांगता येणार नाही. त्यात वाटेतल्या वायूने खाल्लेला उजेड वेगळा, पृष्ठभागावर हायड्रोजन धरायचा की कार्बन यावरून बदलणारे तापमान वेगळे. कॅसिओपिया-ए मधल्या ताऱ्यावर कार्बनचा पातळ थर धरला, तेव्हा कुठे त्याचा आकार न्यूट्रॉन ताऱ्याला शोभेल असा निघाला. म्हणून या पुस्तकात एकाही तापमानाचा आकडा त्याच्या अनिश्चिततेशिवाय छापलेला नाही.

आपल्याकडची बाजूही नीट समजून घ्यावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने क्ष-किरण खगोलशास्त्राची सुरुवात फुग्यांवर उपकरणे चढवून केली. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहावर भारतीय क्ष-किरण उपकरण गेले, आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट. त्याच्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण आणि मोठ्या क्षेत्रफळाचे गणक टाटा संस्थेत घडले, तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही या मोहिमेत मोठा वाटा आहे. पण अंधुक ताऱ्यांसाठी ॲस्ट्रोसॅट बनलेला नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. चंद्राची नजर अर्ध्या विकलेपर्यंत बारीक आहे. ॲस्ट्रोसॅटच्या मृदू क्ष-किरण दुर्बिणीत ठिपका दोनेक कलांएवढा पसरतो. तेव्हा तारा भडकलेला असताना त्याचे स्फोट आणि जलद चढउतार टिपणे हे ॲस्ट्रोसॅटचे बलस्थान, आणि विझल्यानंतरची निगराणी चंद्रा व एक्सएमएम-न्यूटनची. कवचात किती उष्णता भरली गेली हे पहिल्यावरून कळते, ती कशी ओसरली हे दुसऱ्यावरून. दोन्ही जोडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

मग जळगाव-धुळ्यात बसून यात काय करता येईल? पुष्कळ काही. उपग्रहांची निरीक्षणे ठरलेली मुदत संपली की सर्वांना खुली होतात. ॲस्ट्रोसॅटची इस्रोच्या विदाकेंद्रातून, चंद्राची नासाच्या संग्रहातून. ती वाचण्याची सियाओ, एक्सस्पेक यांसारखी साधने विनामूल्य मिळतात. लागतो तो लिनक्स चालणारा साधा संगणक, बरे इंटरनेट आणि चिकाटी. विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना खगोलशास्त्रात हात घालता यावा म्हणूनच विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये आयुका उभी केली आणि जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. खानदेशचे विद्यापीठ १९९० चे; आज ते बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या कक्षेतल्या एखाद्या महाविद्यालयातून कुणी केएस १७३१-२६० ची वीस-पंचवीस वर्षांची निरीक्षणे एकाच पद्धतीने पुन्हा मोजली, तर तो सरावाचा धडा ठरणार नाही, खरे काम ठरेल. कॅसिओपिया-ए चा बोलबाला झाला तो जुन्या नोंदींतूनच, हे वर आलेच आहे.

जुने दप्तर नव्या प्रश्नासाठी उघडायचे ही रीत धुळ्याला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले, आणि त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जपले. दुसरा दाखला जळगाव जिल्ह्यातला. चाळीसगावजवळ पाटणला, आज जिथे लोक पाटणादेवीच्या दर्शनाला जातात, तिथे शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव हे यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्याने त्याला देणग्या दिल्या. लेखाच्या शेवटच्या मराठी भागात या मठाचा खर्च कुठून चालायचा तेही कोरले आहे : पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारे देणे मठाला, आणि चालत्या घाण्यांमागे पळी-पळी तेल. ज्ञानाला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल अशी तरतूद लागते, हे त्या बाजारपेठेला कळत होते. ज्या ताऱ्याला निवायला दहा वर्षे लागतात त्याच्या अभ्यासालाही तितकीच लांब तरतूद लागते. एक निरीक्षण करून थांबलेल्याच्या हाती नुसता ठिपका राहतो.

वाचकासाठी दोन सूचना. पुस्तकात दिलेली तापमाने दूरच्या निरीक्षकाला भासणारी आहेत. ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातून सुटताना किरणांची ऊर्जा घटते, त्यामुळे ती पृष्ठभागावरच्या खऱ्या तापमानापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी असतात. मूळ निबंधांशी ताडून पाहताना हे विसरू नये. दुसरी सूचना प्रकरणांच्या क्रमाविषयी. ताऱ्यांच्या कहाण्या तिसऱ्या प्रकरणापासून सुरू होतात आणि उडी मारून तिथेच जाण्याचा मोह होईल. पहिले प्रकरण मोजणीतल्या चुकांचे आणि वर्गमुळांचे आहे, थोडे रुक्षही आहे. ते गाळू नका. तारा मंदावला असे म्हणण्याचा अधिकार त्या प्रकरणानंतरच मिळतो.